पियानोवालीसाठी पिस्तूल

बेलर्स फोर्कच्या लोकांना प्रेम तोंडाने सांगता येत नाही. आर्कान्सॉच्या त्या डोंगरी गावात कोणी वारलं, कोणाचं ऑपरेशन झालं, कोणाच्या घरी पाळणा हलला, की शेजारीण ओव्हनमधून काढलेलं भांडं टॉवेलात गुंडाळून त्या दारात जाऊन उभी राहते. आत कोंबडी-भात, वर चीजचा जाड थर. भांड्याच्या बुडाला चिकटपट्टीवर मालकिणीचं नाव, म्हणजे भांडं वाट चुकत नाही. बोलायचं काही नसतं. भांडं द्यायचं, जरा वेळ थांबायचं, निघायचं. आणि याहूनही मोठं प्रेम दाखवायचं असेल तर ही माणसं पिस्तूल भेट देतात.

नेड्रा स्ट्राउडला असंच पिस्तूल द्यायचं ठरलं होतं. ते निवडून द्यायला शनिवारी दुपारी तिच्याच नवऱ्याला बोलावलं होतं.

डेल्बर्ट स्ट्राउड रॉइस टॅकेटच्या दुकानात काचेच्या कपाटापाशी उभा होता. एका बाजूला आमिषाच्या माशांची टाकी बुडबुडत होती, वरून भिंतीवरची हरणाची मुंडकी बघत होती. कपाटामागे रॉइस. त्याची बायको ग्लेना स्टुलावर पर्स मांडीवर घेऊन बसलेली. चर्चच्या बायकांचं मंडळ तीच चालवते, आणि खरं सांगायचं तर चर्चसुद्धा. तिच्या बाजूला व्हर्लिन पोग. रविवारी प्रार्थना चालू असताना चर्चच्या दारांवर खिशात पिस्तूल बाळगून जी माणसं उभी राहतात, त्यांचा हा म्होरक्या. पुढचं दार कित्येक वर्षं डेल्बर्टचं होतं.

"उद्या चर्चमध्ये जेवणं झाली की पास्टर तिला पुढे बोलावतील," ग्लेना सांगत होती. "पंचवीस वर्षं पियानो वाजवला बाईनं, एक रविवार चुकवला नाही. तिला काय पुष्पगुच्छ द्यायचा? दोन दिवसांत कोमेजतो."

"आणि एक गुरुवार सोडून एक गुरुवार ती एकटी फेएटव्हिलला जाते बहिणीकडे," व्हर्लिन म्हणाला. "त्या घाटात फोन लागत नाही. मागच्या महिन्यात तिथंच एका नर्सची गाडी अडवली होती. माझी बायको असती तर मी कधीच काहीतरी दिलं असतं हातात. तू कसा रे नाही दिलंस, ब्रदर डेल्बर्ट? चांभाराची बायको अनवाणी, तशातली गत."

सगळे हसले. डेल्बर्टही हसला. हसणं गेल्या काही महिन्यांत त्याला चांगलं जमायला लागलं होतं.

गुरुवारची बहीण त्यानेच बनवली होती. नेड्राची बहीण फेएटव्हिलला होती खरी, पण ती दोन वर्षांपूर्वी टेक्सासला राहायला गेली. गुरुवारी नेड्रा डॉक्टरकडे जायची, मनाच्या डॉक्टरकडे. कोणी विचारलं तर सांगायला काहीतरी हवं म्हणून त्याने बहीण पुढे केली. आता त्याच बहिणीच्या वाटेवर लोकांना चोर दिसायला लागले होते.

फेब्रुवारीत, बाहेर बर्फ पडून गेलेलं असताना, नेड्राने त्याला गोठ्यातून हाक मारून बोलावलं. तो आत गेला तर ती पलंगाच्या कडेला बसलेली होती, उशाजवळचा खण उघडा होता. ती रडत नव्हती. "डेल्बर्ट, हे घरातून घेऊन जा," ती म्हणाली. "सगळी. आजच. मला चोराचिलटाची भीती नाही, मला माझीच वाटते." तो लगेच कामाला लागला. खणातलं पिस्तूल, खिशातलं पिस्तूल, हरणाची रायफल, आजोबांची दुनळी, सगळं पिकअपमध्ये घातलं आणि अंधार पडायच्या आत मिसूरीतल्या चुलतभावाकडे पोचवून आला. परत आल्यावर तिने त्याचा हात धरून वचन घेतलं, की चर्चमधल्या कोणालाही हे कळता कामा नये. "कळलं तर मी पियानोवर बसले की कोणी गाणं ऐकणार नाही. सगळे माझ्याकडे बघत बसतील." त्याने वचन दिलं. नवरा दुसरं काय देणार होता?

पण रिकाम्या खिशाने चर्चच्या दारात उभं राहायचं कसं? खिशाचा झोळ बघून व्हर्लिनसारखा माणूस क्षणात ओळखतो. मग डेल्बर्टने गोठ्यात बसून अक्रोडाच्या लाकडाचा एक ठोकळा तासला, पिस्तुलाच्या मापाचा. वजन यावं म्हणून त्यात गळाला लावायचं शिसं ठोकलं, आणि तो चामड्याच्या जुन्या म्यानात घालून खिशात टाकला. फेब्रुवारीपासून गावच्या देवाची राखण तो लाकडाने करत होता.

"हे बघ," रॉइसने हिरव्या कापडावर तीन पिस्तुलं मांडली. दोन पिस्तुलांतलं गोळ्यांचं मॅगझिन काढलं, वरची सरकती स्लाइड मागे ओढली, मधल्या रिव्हॉल्व्हरचं गोळ्यांचं चक्र बाजूला उघडलं, आत गोळी नाही हे तिघांना दाखवलं आणि तशीच उघडी पुढे सरकवली. त्या दुकानात लहान पोरालासुद्धा दुसऱ्या रीतीने पिस्तूल देत नाहीत. "बोल आता. गावात हरणाच्या रायफलीवर कोणीही व्याख्यान देईल. खिशात मावणाऱ्या जिनसांत मात्र तुझा शब्द शेवटचा."

डेल्बर्टने पहिलं उचललं. करड्या रंगाचं, तळहातात हरवून जाईल एवढं. त्याला बरं वाटलं, कारण याचे दोष त्याला तोंडपाठ होते.

"हे नको," तो म्हणाला. "जितकं हलकं तितकं लाथाळ. वजनच नाही तर झटका जाणार कुठे? सगळा मनगटात. बायकांच्या गळ्यात लोक हेच मारतात, 'लहान आहे, छान आहे' म्हणून, आणि ती बाई एकदा उडवते आणि जन्मात परत हात लावत नाही. नेड्राचं मनगट दुखावलं तर पियानो कोण वाजवेल? व्हर्लिन?"

"मी वाजवला तर लोक आपणहून नरकात जातील," व्हर्लिन म्हणाला. ग्लेनाने मान डोलावली. "बघा, म्हणून याला बोलावलं." रॉइसने पहिलं पिस्तूल बाजूला केलं.

दुसरं रिव्हॉल्व्हर होतं, आखूड नळीचं, घोडा आत लपवलेला, पर्सच्या अस्तरात अडकू नये म्हणून. डेल्बर्टने चक्र बंद करून चाप दाबून पाहिला. दाबला, दाबला आणि मग कुठे तो टक वाजला.

"चाप फार जड. तिच्या बोटांत संधिवात आहे. थंडीत तिला बरणीचं झाकण उघडत नाही."

"अगदी बरोबर," रॉइस म्हणाला. त्याचे डोळे चमकत होते. गिऱ्हाइकाला हवी ती वस्तू आपल्याकडे असली की दुकानदाराचे चमकतात तसे. "म्हणूनच हे तिसरं आणलंय. दुखऱ्या हातांच्या लोकांसाठीच बनवलंय."

त्याने काळ्या पिस्तुलाची स्लाइड मिटवून ते ग्लेनाच्या हातात दिलं. ग्लेनाने दोन बोटांनी स्लाइड ओढली. लोण्यातून सुरी गेल्यासारखी ती मागे गेली.

"माझ्या आईनं ओढली काल," ग्लेना म्हणाली. "आईनं, डेल्बर्ट. जिला चमचा धरवत नाही तिनं."

"चाप बघ," रॉइस म्हणाला. "बोट टेकवलं की झालं. झटका नाही, जोर नाही, विचार करायची गरज नाही. दुखऱ्या हातांचं, घाबरलेलं, थरथरणारं माणूससुद्धा..."

पुढचं डेल्बर्टला नीट ऐकू आलं नाही.  या माणसांनी नेड्राचा विचार किती बारकाईने केला होता. तिची बोटं, तिचं मनगट, तिचा एकटा रस्ता. शत्रूने एवढा विचार केला नसता. आणि त्यांना थांबवायचं तर तिचं गुपित सांगावं लागणार, आणि गुपित राखायचं तर ही काळी वस्तू उद्या टाळ्यांच्या गजरात तिच्या पर्समध्ये जाणार. पर्स रात्री पलंगाशेजारच्या खुर्चीवर असते. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

"तिला नको असेल कदाचित," तो म्हणाला.

"नेड्राला?" ग्लेना हसली. "मुलींच्या शिबिरात नेम धरायला मला कोणी शिकवलं? लाजते ती. आपण दिलं की घेईल."

घेईल, हे त्यालाही माहीत होतं. लोकांसमोर नाही म्हणणं नेड्राला कधी जमलंच नाही. ती हसून आभार मानेल, बसेल आणि शेवटचं भजन वाजवेल.

त्याची नजर कपाटाच्या खालच्या फळीवर गेली. तिथे एक जाडं, परदेशी बनावटीचं जुनं पिस्तूल कित्येक वर्षं पडून होतं. त्याची स्प्रिंग इतकी ताठ होती की स्लाइड ओढताना खुद्द रॉइसच्या अंगठ्याला फोड आला होता. नेड्रा त्याच्याशी दिवसभर झटली असती तरी ते हललं नसतं.

"ते दे," डेल्बर्ट म्हणाला.

"ते?" रॉइसने त्याच्याकडे निरखून पाहिलं. "अरे, त्याला जॅक लावावा लागतो." तरी त्याने ते काढून कापडावर ठेवलं.

"पोलाद आहे. वजनदार आहे, लाथ मारत नाही. जुन्या बनावटीची सर या प्लास्टिकला नाही." तो बोलत सुटला. नळीबद्दल बोलला, मुठीबद्दल बोलला, ज्या वस्तूची त्याने याच दुकानात दहादा टिंगल केली होती तिची त्याने मुलगी खपवावी तशी तारीफ केली. आयुष्यभर जपलेली जाणकारी त्याने त्या कापडावर ओतून टाकली, आणि ते तिघं ऐकत राहिले. व्हर्लिनने टोपी मागे सरकवली.

"म्हातारा झालास तू," व्हर्लिन म्हणाला.

पण रॉइस भला माणूस होता, आणि भल्या माणसांपुढे कोणाचं काही चालत नाही. त्याने खांदे उडवले. "तू म्हणतोस तर हेच. तुझी बायको, तुला जास्त कळतं. स्लाइडची काळजी करू नकोस, मी नळीत गोळी चढवूनच डबीत ठेवीन. तिला ओढायचं कामच उरणार नाही. काढलं की तयार."

डेल्बर्टने कपाटाच्या काचेवर हात टेकले. पळवाट म्हणून एवढंच एक भोक होतं, तेही मित्राने मायेने बुजवलं.

"थांबा," ग्लेना म्हणाली. "डेल्बर्ट, तुझं काढ ना. शेजारी ठेवून बघू. नेड्राला घरात तुझ्याचीच सवय असेल, त्याच्या जवळपासचं घेऊ."

"ते गाडीत राहिलं."

"गाडीत?" व्हर्लिनला हसू आवरेना. "तू एकवेळ दात घरी विसरशील. खिसा बघ तुझा, लोंबतोय. काय आहे मग त्यात? बटाटा?"

ग्लेनाही हसली. "लाजतोस काय, आम्ही काय खातो तुझं पिस्तूल?"

तिघं त्याच्या उजव्या खिशाकडे बघत होते. डेल्बर्टने खिशात हात घातला. ठोकळा मांडीच्या उबेने गरम झाला होता. अजून एक खोटं त्याच्याजवळ तयार होतं, बिघडलंय, दुरुस्तीला दिलंय, काहीही. पण त्याच्यानंतर आणखी एक लागलं असतं, आणि उद्या दुपार तर होणारच होती.

त्याने म्यान बाहेर काढलं, त्यातून ठोकळा काढला आणि चार पिस्तुलांच्या ओळीत शेवटी ठेवला.

कोणी हसलं नाही. व्हर्लिनने तो उचलला, उलटा केला, शिशाचा ठिपका पाहिला.

"हे काय आहे?"

"लाकूड."

"दिसतंय मला लाकूड आहे." व्हर्लिनचा चेहरा लाल होत गेला. "माझी नातवंडं आत बसतात, डेल्बर्ट. मी मागच्या दाराला असतो, का तर पुढे तू आहेस म्हणून. आणि तू दर रविवारी तिथं हा बटाटा घेऊन..."

"आमच्या घरात एकही बंदूक नाही," डेल्बर्ट म्हणाला. "फेब्रुवारीपासून नाही. नेड्रानंच काढायला लावली." तो थांबला नाही. "गुरुवारी ती बहिणीकडे जात नाही, डॉक्टरकडे जाते. तिला जगणं नकोसं झालं होतं. मी गोठ्यात होतो आणि ती खण उघडून बसली होती. हाक मारली तिनं मला. मारली नसती तर? मी रोज तोच विचार करतो, मारली नसती तर. तुम्ही तिला हे देऊ नका. हलकं नको, जड नको, कुठलंच नको."

टाकीतलं पाणी बुडबुडत राहिलं. रॉइसने एकेक पिस्तूल उचललं, कपाटात ठेवलं आणि कुलूप लावलं. काचेवर फक्त ठोकळा राहिला.

"फेब्रुवारी," ग्लेना म्हणाली. तिचे ओठ हलत होते. "फेब्रुवारीत माझं पित्ताच्या खड्यांचं ऑपरेशन झालं. ती घेऊन आली होती माझ्याकडे, कोंबडी-भात. माझ्या उशा सारख्या केल्या तिनं. मी तासभर माझंच रडगाणं गात होते."

"तिला यातलं काही कळू देऊ नका," डेल्बर्ट म्हणाला. "मी सांगितलं हे कळलं तर ती परत मिटून जाईल. शब्द द्या मला." तिघांनी मान हलवली. व्हर्लिनने ठोकळा त्याच्या हातात परत दिला. तो अजून रागातच होता, आणि रागातच म्हणाला, "उद्या पुढच्या दाराला मी राहतो. तू आत तिच्याजवळ बस."

घरी जाताना डेल्बर्टला हलकं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. सकाळपर्यंत तो लोकांपासून एक गोष्ट लपवत होता, आता बायकोपासून दुसरी लपवायची होती. एका खोलीतून निघून शेजारच्या खोलीत कोंडून घेतलं, एवढाच काय तो फरक.

नेड्रा स्वयंपाकघरात शेंगा सोलत होती. ती गुणगुणत होती. गेल्या दोन आठवड्यांत ती पुन्हा गुणगुणायला लागली होती, आणि तो त्या गुणगुणण्याभोवती पाय न वाजवता वावरायचा.

"एवढा वेळ?" ती म्हणाली.

"रॉइसकडे होतो. मासे बघत."

"आणलेस?"

"नाही. चांगले नव्हते."

तो तिच्यासमोर बसला आणि शेंगा सोलू लागला. आत्ताच सांगावं, असं त्याच्या मनात आलं. मग वाटलं, गुणगुणणं थांबलं तर? जेवणानंतर सांगू. नाहीतर उद्या, चर्च झाल्यावर. घाबरट माणसाला उद्याचा दिवस फार आवडतो. शेंगा संपत आल्या तेव्हा बाहेर गाडीचं दार वाजलं, आणि तो उठायच्या आत नेड्रा हात पुसत दाराशी पोचली होती.

दारात ग्लेना उभी होती. टॉवेलात गुंडाळलेलं भांडं तिने दोन्ही हातांनी छातीशी धरलं होतं, वरून वाफ निघत होती.

 शब्द दिला होता तिने, आणि तासा-दीड तासात तिने तो पाळला तो असा. तिची चूक तरी काय? दुःखाची बातमी कळली की ओव्हन पेटवायचा, हे त्या गावच्या बाईच्या हातांनाच माहीत असतं. डोक्याला विचारायला हात थांबत नाहीत.

नेड्राने भांड्याकडे पाहिलं. पंचवीस वर्षांत तिने अशी किती भांडी किती दारांत नेली होती. कारणाशिवाय ते येत नाही, हे तिला कोणी सांगायला नको होतं. तिचा चेहरा उतरला.

"कोण गेलं?" तिने विचारलं.

ग्लेनाचे डोळे भरून आले. या बाईला बोलताना अडखळलेलं गावाने कधी पाहिलं नव्हतं.

"कोणी नाही गेलं," ती म्हणाली. "म्हणूनच आणलंय."

 नेड्राने हळूच वळून डेल्बर्टकडे पाहिलं, आणि त्याने मान खाली घातली.  ग्लेनाची बोटं टॉवेलातून भाजत असणार, पण तिने भांडं खाली ठेवलं नाही, पुढेही केलं नाही.

"माझ्याकडे बघत बसणार आता सगळे," नेड्रा म्हणाली.

"बघू," ग्लेना म्हणाली. "आधीच बघायला हवं होतं."

नेड्राने दोन्ही हात पुढे करून भांडं घेतलं. ते तिने टेबलावर शेंगांच्या टरफलांशेजारी ठेवलं आणि फडताळातून तीन ताटल्या काढल्या.

"बस, ग्लेना," ती म्हणाली. मग नवऱ्याकडे न बघता चमचे मांडत म्हणाली, "आणि तो खिशातला ठोकळा काढून ठेव, डेल्बर्ट. बसताना टोचतो तुला. मला काय दिसत नव्हतं?"